छातीने पाहायची चित्रे

पणजीतील आल्तिन्यो टेकडीवरच्या एका छोट्या कलादालनातील हे प्रदर्शन डोळ्यांपेक्षा छातीने अधिक पाहावे लागते. कंप पावणाऱ्या पत्र्यावरील रेती निश्चल राहणाऱ्या रेषांवर गोळा होते, हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट क्लाद्नी यांनी १७८७मध्ये प्रसिद्ध केले होते. चित्रकर्तीने तोच प्रयोग घुमटाच्या, म्हणजे मातीच्या भांड्यावर कातडे ताणून केलेल्या आणि २०१९मध्ये गोव्याचे वारसा वाद्य ठरलेल्या तालवाद्याच्या, नादावर केला असून, उमटलेल्या आकृत्यांचे ठसे कागदावर घेतले आहेत. दालनात घुमणारा तो नाद पायांखालच्या फळ्यांतूनही अंगात शिरतो. (चवथीच्या आरतीत घुमटाशेजारी उभे राहिलेल्यांना हे सांगायला नको.) रंगीत चित्रे मात्र केवळ शोभेची वाटली, आणि काचेवर दिव्यांची तिरीप पडत असल्यामुळे दोन उत्तम ठसे नीट दिसलेच नाहीत.