म्हाताऱ्या कुत्र्याचा मुतखडा: पथ्याचं फूड, घरचं जेवण की ऑपरेशन?

राणीच्या लघवीत रक्त दिसलं ते मे महिन्यात, नाशिकमधल्या इंदिरानगरच्या आमच्या पार्किंगमधल्या पांढऱ्या फरशीवर. राणी म्हणजे आमची स्पिट्झ, आपल्याकडे सगळे जिला पॉमच म्हणतात. वय ११, वजन ९ किलो. त्याच वर्षी डिसेंबरात पंचवटीत राहणाऱ्या माझ्या ताईचा बंड्या, १२ वर्षांचा ल्हासा, झाडापाशी पाय वर करून नुसताच उभा राहायला लागला. थेंब थेंब यायचं, तेही कण्हत. दोघांनाही मुतखडा निघाला. राणीचे खडे पथ्याच्या फूडने आणि औषधाने विरघळले, बंड्याचं ऑपरेशन करावं लागलं. दोन्ही निर्णय बरोबर होते, कारण खडे दोन वेगळ्या जातीचे होते.

ओळखीतल्या कुणाच्या कुत्र्याला खडा झाला की मला फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "फूड कुठलं चालू केलंत?" तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, खडा कसला आहे?

कुत्र्यांमध्ये मुख्यतः दोन प्रकार सापडतात. एक स्ट्रुव्हाइट, म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांचा. कुत्र्यांत तो बहुतेक वेळा जंतुसंसर्गातून होतो. काही जंतू लघवीतल्या युरियाचं विघटन करतात, लघवी अल्कधर्मी होते आणि त्यात हे स्फटिक बसत जातात. माद्यांना संसर्ग जास्त होतो म्हणून हा खडाही त्यांच्यात जास्त. दुसरा कॅल्शियम ऑक्सलेट. तो वयस्कर नरांमध्ये, त्यातही ल्हासा, शित्झू, श्नॉझर अशा छोट्या जातींत जास्त दिसतो आणि आम्लधर्मी किंवा मधल्या पीएचच्या लघवीत तयार होतो. स्ट्रुव्हाइट विरघळतो. ऑक्सलेट कुठल्याही फूडने, गोळीने, काढ्याने विरघळत नाही. सगळी तुलना या एका फरकावर उभी आहे.

एक्स-रेमध्ये दोन्ही पांढरे दिसतात, त्यामुळे नुसता फोटो बघून खात्रीने सांगता येत नाही. डॉक्टर अंदाज बांधतात तो चार गोष्टी जुळवून: नर की मादी, जात, लघवीचा पीएच आणि कल्चरचा रिपोर्ट, म्हणजे लघवीत कुठले जंतू आहेत आणि त्यांना कुठलं औषध लागू पडेल याची तपासणी. कल्चरसाठी लघवी सोनोग्राफीत बघून पोटातून सुईने घेतात. ऐकायला भीती वाटते, राणी मात्र हललीसुद्धा नाही. आम्ही आधी जिथे नेत होतो तिथे अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. रक्त थांबायचं, पुन्हा यायचं. पण ना कल्चर झालं ना एक्स-रे. दोन महिने त्या जिवाने दुखणं काढलं याचं मला अजून वाईट वाटतं. लघवीत दुसऱ्यांदा रक्त आलं की एक्स-रे आणि सोनोग्राफी मागून घ्या. यूरेटसारखे काही खडे साध्या एक्स-रेत दिसतच नाहीत, ते सोनोग्राफीतच सापडतात.

नमुन्याबद्दल एक बारीक गोष्ट. लघवी तासन्‌तास डबीत राहिली किंवा फ्रिजमध्ये ठेवली की तिच्यात नवे स्फटिक तयार होतात, पीएचही बदलतो. म्हणून ती अर्ध्या तासात तपासली जाईल असं बघा. शिवाय स्फटिक म्हणजे खडा नव्हे. धडधाकट कुत्र्याच्या लघवीतही ते सापडतात, तेवढ्यावरून महागडं फूड सुरू करायचं कारण नाही.

स्ट्रुव्हाइट असेल तर

इथे मी निःसंकोच पथ्याच्या फूडच्या बाजूने आहे. रॉयल कॅनिनचं युरिनरी, हिल्सचं सी/डी, फार्मिनाचं व्हेट लाइफ, यातलं डॉक्टर सांगतील ते. अशा फूडमध्ये मॅग्नेशियम आणि फॉस्फरस कमी असतं, लघवी आम्लधर्मी होते आणि पातळ राहते. एकाच कंपनीत खडा विरघळवायचं फूड वेगळं आणि नंतर सांभाळायचं वेगळं असू शकतं, त्यामुळे पिशवीवरचं पूर्ण नाव वाचून घ्या. जोडीला कल्चरप्रमाणे अँटिबायोटिक हवंच, कारण खड्याच्या थरांत जंतू अडकलेले असतात आणि थर सुटतील तसे ते बाहेर पडतात. अमेरिकेतल्या पशुवैद्यक तज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली दिलेली शिफारसही हीच आहे: स्ट्रुव्हाइट आधी विरघळवून बघावा, उठसूट कापू नये. म्हातारपणी भूल टळते ही केवढी मोठी गोष्ट आहे!

हेच काम घरच्या जेवणाने होईल का? चिकन-भाताने लघवी इतकी मोजूनमापून बदलणं जवळपास अशक्य. आणि अट कडक आहे: ते फूड आणि पाणी, बाकी काही नाही. आमच्याकडे पहिल्या महिन्यानंतरच्या एक्स-रेत खडे जेमतेम लहान झाले होते. शोध घेतल्यावर कळलं, सासूबाई रोज चहाबरोबर तिला खारी देत होत्या. त्यांचा जीव तिच्यावर, मी काय बोलणार? त्याच फूडच्या चार गोळ्या एका वेगळ्या डबीत घालून त्यांच्या हातात दिल्या, "आई, आता तिला तुमच्या हातचं हेच." पुढच्या सहा आठवड्यांत खडे गेले. एक्स-रे स्वच्छ आल्यावरही डॉक्टरांनी महिनाभर तेच चालू ठेवायला लावलं, कारण फोटोत न दिसणारे कण मागे राहतात.

खर्च टोचतो. ९ किलोच्या कुत्रीला दिवसाला साधारण १३० ग्रॅम लागतं, म्हणजे २ किलोची पिशवी पंधरा दिवसांत संपते. पण संसर्गातून झालेल्या स्ट्रुव्हाइटला हे फूड जन्मभर लागेलच असं नाही. संसर्ग पुन्हा होऊ न देणं हाच खरा प्रतिबंध. राणी आता साधं वयस्कर कुत्र्यांचं फूड भिजवून खाते आणि दर तीन महिन्यांनी तिची लघवी तपासतो.

ऑक्सलेट असेल तर

इथे फूड आणि ऑपरेशन यांची तुलनाच चुकीची आहे. असलेला खडा काढायचा तर ऑपरेशन. अगदी बारीक खडे असतील तर भूल देऊन मूत्राशय पाण्याने भरून दाबाने बाहेर काढतात. मोठ्या शहरांत काही ठिकाणी लेझरने फोडतात. फूडचा विचार त्यानंतरचा, पुन्हा होऊ नये म्हणून. आणि हे खडे पुन्हा होतात: साधारण निम्म्या कुत्र्यांना तीन वर्षांच्या आत.

या ठिकाणी मात्र घरचं जेवण बरोबरीला येऊ शकतं, एका अटीवर: पशुआहारतज्ज्ञाकडून वजनी मापाने आखून घेतलेलं हवं. ताईने तेच केलं, कारण बंड्या पथ्याच्या फूडच्या गोळ्यांना तोंड लावेना. चिकन, पांढरा भात, अंडं, दुधी, काकडी आणि वरून सांगितलेली कॅल्शियम-जीवनसत्त्वांची पूड, जेवणातच मिसळून. खड्यात कॅल्शियम आहे म्हणून ताईने आधी दही आणि ती पूड दोन्ही बंद केलं होतं. उलटं होतं ते. आतड्यात कॅल्शियम असेल तर ऑक्सलेट तिथेच त्याला चिकटून शीमार्गे निघून जातं. कॅल्शियम तोडलं तर तेच ऑक्सलेट रक्तात आणि तिथून लघवीत उतरतं. जेवणापासून वेगळी दिलेली कॅल्शियमची गोळी मात्र नुकसान करते.

आपल्या स्वयंपाकघरातलं काय टाळायचं? पालक, माठ, चुका, बीट, रताळं, राजगिरा, शेंगदाणे, तीळ, काजू-बदाम, सोयाबीन. श्रावणात आणि नवरात्रात घरोघरी उपासाचं होतं, तेव्हा रताळ्याची फोड आणि दाण्याची चिक्की कुत्र्याच्या तोंडात जाते. नाशिकच्या चिवड्यात दाणे आहेतच, शिवाय तळलेला कांदा, जो कुत्र्याच्या रक्तपेशी फोडतो. आपल्यासाठी आणलेल्या व्हिटॅमिन सीच्या गोळ्या देऊ नका, त्याचं शरीरात ऑक्सलेट होतं. आणि खड्याशी संबंध नसला तरी नाशिकमध्ये राहून हे सांगितल्यावाचून राहवत नाही: द्राक्षं आणि बेदाणे. जानेवारीपासून घराघरात पेट्या येतात, एखादा मणी खाली पडतो. द्राक्षाने कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते आणि किती मण्यांनी होईल हे आधी सांगता येत नाही. खड्याच्या म्हाताऱ्या कुत्र्याला तर हा धोका अजिबात पत्करू नका.

ऑक्सलेटच्या कुत्र्याच्या रक्तातलं कॅल्शियम एकदा जरूर तपासा. ते वाढलेलं असेल तर मूळ दुखणं दुसरंच, बऱ्याचदा गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथीचं, आणि मग फूड बदलून काही साधत नाही. ऑपरेशननंतर काढलेला खडा मात्र आठवण म्हणून घरी आणू नका, तपासणीला पाठवा. बंड्याच्या खड्याचा रिपोर्ट आला तेव्हा कुठे आमचा अंदाज पक्का झाला.

दोन्हींत एक गोष्ट सारखी: पाणी

गोळ्या, डबा, घरचं, या वादापेक्षा ताटलीत पाणी किती हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कोरड्या गोळ्यांत पाणी जेमतेम १० टक्के, डब्यातल्या ओल्या फूडमध्ये ७५ टक्क्यांच्या वर. डबा परवडत नसेल तर एक वाटी गोळ्यांना दोन वाट्या कोमट पाणी घालून वीस मिनिटं ठेवा. राणीचे दात गेलेत, तिला ते जास्तच आवडतं. लघवीची घनता, म्हणजे ती साध्या पाण्याच्या (१.०००) तुलनेत किती दाट आहे ते, १.०२० च्या खाली ठेवायची. दवाखान्यात एका थेंबावर दोन मिनिटांत कळते. मे महिन्यात कुत्री आपणहून पाणी पितात. नाशिकच्या थंडीत भांडं भरलेलंच राहतं, तेव्हा बिनमिठाचं, कांदा-लसणाशिवायचं चिकनचं कोमट पाणी द्या. "बोअरच्या पाण्याने खडा झाला," असं आमच्या सोसायटीत सगळे म्हणत होते. गंगापूर धरणाचं नळाचं असो की बोअरचं, ते पोटात किती गेलं हे आधी बघा. पाणी पाजायचं तर शूला बाहेरही जास्त वेळा न्यावं लागतं. दिवसभर तुंबवून ठेवलेली लघवी दोन्ही खड्यांना वाढायला वेळ देते.

कुळथाचं कढण, नारळपाणी, बार्ली हे सल्ले भरपूर मिळतील. कढणातलं पाणी पोटात जातं एवढाच त्याचा उपयोग, त्या भरवशावर महिना घालवू नका.

वयामुळे बदलणारं गणित

फूड निवडण्याआधी किडनीची रक्ततपासणी हवी. किडनीचं पथ्य लघवी आम्लधर्मी होऊ देत नाही, स्ट्रुव्हाइटचं फूड नेमकं तेच करतं; दोन्ही दुखणी असतील तर डॉक्टरांना मधला रस्ता काढावा लागतो. काही युरिनरी फूडमध्ये तहान वाढावी म्हणून मीठ जास्त असतं, ते हृदयाच्या कुत्र्याला चालत नाही. स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल तर फूडमधली चरबी बघा. कुत्रा नर असेल आणि जोर करूनही लघवी होत नसेल, उलट्या होत असतील, तर यातलं काहीच ठरवत बसू नका, रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. नराच्या अरुंद मूत्रमार्गात खडा अडकला की रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय थांबू शकतं.

आणि एक पर्याय, जो कुणी फारसा सांगत नाही. गंगापूर रोडला राहणाऱ्या एका मैत्रिणीच्या १४ वर्षांच्या कुत्रीला ऑक्सलेटचा एकच मोठा खडा आहे. हृदय कमजोर, भूल देणं धोक्याचं. खड्याचा तिला त्रास नाही आणि आकारामुळे तो मूत्रमार्गात अडकण्यासारखाही नाही. डॉक्टरांनी तो तसाच ठेवला. ती भिजवलेलं जेवते, दिवसातून पाच वेळा खाली जाते, तीन महिन्यांनी एक्स-रे होतो. मागच्या महिन्यात तो खडा तेवढाच होता.