शोधगंगा की ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’: आधी काय शिकावे?

गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ-ग्रंथालयांच्या माहिती-जाळे केंद्राची शोधगंगा, म्हणजे भारतीय विद्यापीठांतील पीएच.डी. प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह, सर्वांना खुली असल्याने सार्वजनिक ग्रंथालयातील कर्मचाऱ्यांनी ऑनलाइन शोधाच्या सरावाची सुरुवात तिथूनच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे प्रबंध बहुधा प्रकरणनिहाय वेगवेगळ्या पीडीएफ फायलींत मिळतो; शिवाय मराठी प्रबंधाचे शीर्षक कधी देवनागरीत, तर कधी रोमन लिपीत नोंदलेले असल्याने, दोन्ही प्रकारे शोधून पाहिल्याखेरीज वाचकाला ‘नाही’ म्हणू नये. १ जानेवारी २०२५ पासूनच्या ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ या केंद्र सरकारच्या योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० संशोधन नियतकालिके ऑनलाइन वाचता येत असली, तरी पहिल्या टप्प्यात ती सरकारी उच्चशिक्षण व संशोधन संस्थांपुरतीच आहे. या संस्थांच्या ग्रंथालयांतील कर्मचाऱ्यांनी मात्र प्रथम लॉगिनची व्यवस्था नीट समजून घ्यावी, कारण विद्यार्थ्यांची अडचण बहुतेकदा तिथेच असते.