दाढेतली फट: कॅमेरा की एक्स-रे?

गुहागरच्या मावशीची सिमेंट भरलेली दाढ गार सोलकढीनं ठणकते. चिपळूणला दंतवैद्याकडे जाऊन तोंडात घालायच्या छोट्या कॅमेऱ्यानं बघून घेऊ की डिजिटल एक्स-रे काढू, असं ती विचारते.

कॅमेऱ्यात किरण नाहीत, फिलिंगची कड मोठी दिसते, तुटलेला कोपरा मावशीलाही पडद्यावर कळेल. पण कडेला काळी रेघ म्हणजे गळतीच, म्हणजे फटीतून आत ओल शिरतेय, असं नाही. चहा-पानाचा डागही तसाच दिसतो. दोन दातांमधली बाजू तर कॅमेऱ्याला दिसतच नाही. तिथं बाइटविंग एक्स-रे हवा, म्हणजे दातांत पट्टी चावून धरून काढतात तो. किरण अगदी थोडे. मात्र दाताचे क्षार बरेच झिजल्याशिवाय कीड त्यातही उमटत नाही. आणि केसाएवढी फट? ती दोघांनाही चकवते.

फिलिंग माथ्यावर असेल तर आधी कॅमेरा, दातांच्या मधे असेल तर एक्स-रे. मावशीचं मधलंच आहे.