खाडीवर इन्सुलेटर कुठला: चिनी मातीचा की सिलिकॉनचा?

कोकण रेल्वेचा रोहा–ठोकूर हा ७४१ किलोमीटरचा मार्ग २०२२ मध्ये पूर्ण विजेवर आला. आता घोडं अडतं ते देखभालीत: २५ केव्हीच्या (२५ हजार व्होल्टच्या) तारेला इन्सुलेटर, म्हणजे तार पेलणारा पण वीज खांबात उतरू न देणारा आधार, कुठला लावायचा?

आधी मीठ, कारण गोव्यात तोच खरा वैरी. जुवारी-मांडवीच्या पुलांवर एप्रिल-मेमध्ये त्याचा थर चढतो. कोरडा असेतो निरुपद्रवी. पहिली भुरभुर किंवा पहाटेचं दव पडलं की थरातून वीज वाहू लागते, पृष्ठभागावर ठिणग्या सरकतात आणि फीडर (त्या भागाला वीज पुरवणारी लाइन) ट्रिप, म्हणजे आपोआप बंद. (जोराचा पाऊस उलट धुऊन काढतो.) चिनी मातीवर पाणी पसरतं, म्हणून पावसाआधी पुसणं चुकत नाही, तेही ब्लॉक घेऊन (गाड्या आणि वीज थांबवून), तार अर्थ करूनच (जमिनीला जोडूनच). सिलिकॉनवर (रबरासारख्या पदार्थावर) थेंब सुटे राहतात, गळतीची वाट तुटते.

वजनाला सिलिकॉन हलका, दगड बसला तरी फुटत नाही.

टिकाऊपणात चिनी माती सरस. ऊन तिला बाधत नाही, टवका उडाला तर खालून दिसतो. सिलिकॉनला उंदीर-पक्षी कुरतडतात. टोकाचं सील सुटून ओल आतल्या फायबरच्या दांड्यात शिरली तर तो अचानक तुटतो, वरून पत्ता लागत नाही. तपासताना आधी सील बघा.

खाडीपूल, किनारा, दगडफेकीच्या जागा: सिलिकॉन. किनाऱ्यापासून दूर, आतल्या भागात चिनी माती पुरते.