काचेचे दोन हायड्रोमीटर आणि एक लॅक्टोमीटर: तीन महिन्यांच्या वापरानंतर

शाळेच्या प्रयोगशाळेसाठी मी जूनमध्ये काचेचे दोन हायड्रोमीटर (द्रवात तरंगत ठेवून त्याची घनता मोजणारे उपकरण) आणि एक लॅक्टोमीटर (दुधासाठीचा हायड्रोमीटर) विकत घेतले. पहिला हायड्रोमीटर सर्व द्रवांना चालणारा म्हणून विकला जातो. त्याची विशिष्ट गुरुत्वाची, म्हणजे पाण्याच्या तुलनेतील घनतेची, मोजपट्टी ०.७०० ते २.००० अशी आहे. दुसऱ्याची मर्यादा १.००० ते १.१०० एवढीच असूनही त्याची किंमत जवळजवळ दुप्पट होती. कमी मोजणाऱ्या उपकरणाला जास्त पैसे कशासाठी द्यायचे, असे तेव्हा मला वाटले होते. आज एकच घ्यायचा झाला, तर मी विनासंकोच दुसरा घेईन.

त्याचे कारण दांडीच्या रचनेत आहे. हायड्रोमीटर आपल्या वजनाइतका द्रव बाजूला सारून तरंगतो, त्यामुळे हलक्या द्रवात तो अधिक बुडतो आणि जड द्रवात वर राहतो. ०.७०० ते २.००० एवढा पल्ला एकाच दांडीवर बसवायचा म्हटल्यावर रेघा ०.०१ च्या अंतराने द्याव्या लागतात. शिवाय बुडालेले आकारमान घनतेच्या व्यस्त प्रमाणात असल्याने त्या सारख्या अंतरावर पडत नाहीत: ०.७ ते ०.८ मधली जागा १.९ ते २.० मधल्या जागेच्या जवळजवळ सातपट असते. विद्यार्थ्यांना हे प्रत्यक्ष दाखवण्यासाठी मात्र पहिले उपकरण उत्तम आहे. खोबरेल तेलात ०.९२ च्या आसपास आणि ग्लिसरीनमध्ये १.२६ च्या आसपास असे वाचन एकाच दांडीवर घेता येते, हे पाहून मुले खरोखर रमतात.

अचूकता तपासण्यासाठी मी ४५० ग्रॅम डिस्टिल्ड वॉटरमध्ये ५० ग्रॅम मीठ विरघळवले. अशा १० टक्के द्रावणाचे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०७ असायला हवे. अरुंद मर्यादेच्या हायड्रोमीटरने १.०६८ दाखवले आणि तीनदा पुसून पुन्हा सोडल्यावरही तेच वाचन आले. मोठ्या मर्यादेच्या हायड्रोमीटरवर मात्र १.०६ आणि १.०७ यांच्यामध्ये कुठेतरी, एवढेच सांगता आले.

दुधाच्या बाबतीत हा फरक निर्णायक ठरतो. १.०२९ विशिष्ट गुरुत्वाच्या दुधात मिश्रणाच्या एक दशांश इतके पाणी मिसळले, तर वाचन १.०२६ च्या आसपास येते. हा ०.००३ चा फरक मोठ्या मर्यादेच्या पट्टीवर दोन रेघांमधल्या जागेच्या एक तृतीयांशाहूनही कमी भरतो, तर लॅक्टोमीटरवर, जिथे १.०२९ हे नुसते २९ असे वाचतात, तो २९ वरून २६ असा स्पष्ट दिसतो. अर्थात लॅक्टोमीटरवरही आंधळा विश्वास ठेवू नये. स्निग्धांश पाण्यापेक्षा हलका असल्याने साय काढलेले दूध जड होते, आणि मग त्यात पाणी घातले की वाचन पुन्हा योग्य जागी येते. म्हणूनच दूध संकलन केंद्रावर फॅट (स्निग्धांश) आणि एसएनएफ (स्निग्धांश वगळून उरणारे घन पदार्थ) दोन्ही पाहतात. नुकतेच काढलेले दूधही लगेच मोजू नये, कारण त्याचे वाचन कमी येते. दोन-तीन तास थांबावे.

वाचन घेण्याची शिस्त उपकरणाइतकीच महत्त्वाची आहे. माझ्या उपकरणांवर २७ अंश सेल्सिअस असे छापले आहे, म्हणून द्रव त्या तापमानाला आणूनच मी मोजतो. दांडी मोजपात्राच्या भिंतीला टेकू देऊ नये, तिला चिकटलेले बुडबुडे हलकेच फिरवून घालवावेत आणि डोळा पृष्ठभागाच्या पातळीत ठेवावा. पारदर्शक द्रवात वक्र पृष्ठभागाची खालची कड वाचतात. दुधात ती दिसतच नाही, तेथे वरची कड वाचावी लागते.

एक तक्रार नोंदवतो. मोठ्या मर्यादेच्या हायड्रोमीटरमधील कागदी पट्टी दांडीत सैल होती आणि दुसऱ्या महिन्यात ती किंचित खाली सरकली. शुद्ध पाण्यात तो आता ०.९९ दाखवतो. त्यामुळे खरेदी करताना शक्य झाल्यास दुकानातच तो पाण्यात सोडून पाहावा, आणि पट्टीच्या वरच्या टोकाशी काचेवर बारीक खूण कोरलेली असलेला नग निवडावा, म्हणजे पट्टी सरकल्यास ते लगेच लक्षात येते.