चार वेशी आणि एक मांडवी: बडोद्यातील गेम डिझाइनच्या वर्गाविषयी

दांडिया बाजारात दर रविवारी सकाळी भरणारा गेम डिझाइनचा आठ आठवड्यांचा वर्ग मी नुकताच पूर्ण केला. गेम करायला शिकायचे म्हणजे संगणकासमोर बसायचे, अशा समजुतीने गेलेल्या माझ्या हाती पहिल्या दिवशी पुठ्ठा, कात्री आणि चार कवड्या आल्या.

त्या कवड्या शंभर वेळा टाकून प्रत्येक दानाची नोंद करायची होती. कवडी दोन्ही बाजूंनी सारखीच पडत असती, तर दोन उताण्या पडण्याची शक्यता 16 पैकी 6 आणि चारही उताण्या पडण्याची 16 पैकी 1 असती. पण कवडीची एक बाजू फुगीर असल्यामुळे आमच्या नोंदी या हिशेबापासून बऱ्याच ढळल्या. अष्टा-चम्मा खेळताना चार किंवा अष्टा (आठ) पडल्यावर आजी पुन्हा दान का देत असे, हे मला वयाच्या चाळिशीत कळले.

यानंतर प्रत्येकाने स्वतःचा खेळ रचला. मी लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट या जुन्या बडोद्याच्या चार वेशींतून माल आणून मध्यभागी मांडवीत, म्हणजे जुन्या शहराच्या मधोमध असलेल्या मंडपात, विकण्याचा पट केला आणि त्यावर खूशही होतो. चाचणीच्या दिवशी नियम असा होता, की खेळणाऱ्यांनी नियमाचा भलताच अर्थ लावला तरी रचणाऱ्याने तोंड उघडायचे नाही. दुसऱ्याच डावात सातवीतल्या एका मुलीने मांडवीत सोंगटी अडवून ठेवली आणि बाकी तिघांचा माल वेशीतच कुजला. मी ओठ दाबून बसलो. पुढच्या रविवारी, मांडवीत दोन दानांहून अधिक थांबणाऱ्याने जकात भरावी, असा नियम घातला आणि खेळ हलू लागला. प्रशिक्षकांनी उपाय सुचवला नाही, केवळ 'अडकले कोण आणि का?' एवढेच विचारले. त्यांची ही शिस्त मला फार मोलाची वाटली.

संगणकाचा भाग मात्र निराशाजनक आहे. गोडो हे मोफत, मुक्तस्रोत इंजिन, म्हणजे गेम तयार करण्याचे सॉफ्टवेअर, निवडले ते योग्यच. पण त्यासाठी शेवटचे दोनच रविवार ठेवले होते आणि बारा जणांत चार संगणक होते, त्यामुळे माझी सोंगटी पडद्यावर एक घर सरकली तेवढ्यात वर्ग संपला. माहितीपत्रकात 'संपूर्ण डिजिटल गेम' असे छापले होते, ही तक्रार मी लेखी दिली आहे. शुल्क पुठ्ठ्याच्या सहा आठवड्यांसाठी वाजवी आहे, आठांसाठी नाही. पुढच्या तुकडीत जाणाऱ्यांनी स्वतःचा लॅपटॉप न्यावा आणि त्यात गोडो घरूनच उतरवून ठेवावे.