रेडीमेड किचन कॅबिनेट: भिंतीवर बिनधास्त, ओट्याखाली जपून

ज्यांना फक्त निकाल हवा त्यांना आधीच सांगून टाकते. खोक्यात सुट्ट्या फळ्या येतात आणि घरी जोडायच्या असतात, तसली स्वस्तातली कॅबिनेट मी ऑनलाइन मागवली. भिंतीवरची चार आणि एक उंच कपाट, एवढ्यापुरती ती मला पसंत आहेत. ओट्याखाली मी ती घेतली नाहीत, आणि नागपुरातल्या जुन्या फ्लॅटवाल्यांनी कुणी घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

आमचं घर त्रिमूर्ती नगरात, नव्वदच्या दशकातलं बांधकाम, दुसरा मजला, लिफ्ट नाही. स्वयंपाकघर आठ बाय दहा. काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, त्याखाली कडप्प्याचे उभे टेकू, मधे कडप्प्याच्याच फळ्या, आणि या सगळ्याला झाकायला सासूबाईंनी शिवलेला पडदा. शोरूमवाल्याने याच खोलीचं 2 लाख 40 हजारांचं कोटेशन दिलं, तेही ‘ऑफर धरून’. त्यात जुना ओटा फोडायचा खर्च वेगळा. तिथूनच मी खोक्यातल्या कॅबिनेटकडे वळले.

आता ओट्याखाली का नाही, ते. ही कॅबिनेटची पद्धत मुळात युरोपातली. तिकडे आधी कॅबिनेट उभी राहतात आणि त्यांच्या डोक्यावर ओट्याची फळी ठेवतात. आपल्याकडे उलटं असतं. गवंडी ओटा बांधून निघून जातो आणि ओटा कडप्प्याच्या टेकूवर स्वतःच्या पायावर उभा असतो. त्याच्या पोटात जे काय बसवायचं ते उरलेल्या जागेत. खालच्या रेडीमेड कॅबिनेटची जोडलेली पेटी बहुतेक ठिकाणी 720 मिलिमीटर उंच, अधिक 100 च्या आसपासचे पाय. आमचा ओटा जमिनीपासून 32 इंच, म्हणजे 813 मिलिमीटर. त्यातून ग्रॅनाइट आणि त्याखालचा कडप्पा वजा केला की 768 उरतात. म्हणजे पायांना जेमतेम पावणेदोन-दोन इंच. तेवढ्यात पोछा कसा जाणार?

रुंदीचंही तेच. टेकूंच्या मधले आमचे तीन गाळे साडेएकोणीस, बावीस आणि चोवीस इंचांचे. कंपनीकडे 450 आणि 600 मिलिमीटर. बावीस इंचांत 600 जात नाही आणि 450 घातलं तर चार इंच वाया. चोवीस इंच म्हणजे 610, तिथे तरी 600 चं बसायला हवं. बसवायला बोलावलेल्या फिटरभाऊंनी ओळंबा सोडला तर टेकू खाली आत झुकलेला; तळाशी अंतर 598. ते म्हणाले, “ताई, हे कागदावर बसते, जागेवर नाही बसत.” मोजमाप घेणाऱ्या सगळ्यांना माझं एकच सांगणं: गाळा वर, मध्ये आणि खाली अशा तिन्ही ठिकाणी मोजा आणि सगळ्यात लहान आकडा खरा धरा.

तर खालचं काम लकडगंजातून केलं. तिथल्या प्लायवूडच्या दुकानांत मापाने कापून देतात. कागदावर मिलिमीटरमध्ये यादी लिहून न्यायची, ते मशीनवर कापतात, कडांना पट्टीही चिकटवून देतात. (ज्या बल्लारशाच्या सागवानाचे दरवाजे अयोध्येच्या मंदिराला गेले, ते सागवान आपल्या एवढं उशाशी, आणि आपण घेतो भुसा दाबून केलेली फळी. असो, सागवानाचा भाव विचारून बघा म्हणजे कळेल का घेतो ते.) खाली पेटी केलीच नाही. टेकूंना प्लायच्या पट्ट्यांची चौकट, त्याला दारं, आणि तळाला आहे तोच कडप्पा. सिंकचा पाइप गळला तर कडप्प्याचं काय बिघडणार? दोन गाळ्यांत स्टीलच्या ट्रॉल्या गाळ्याच्या मापाने करून घेतल्या. ट्रॉलीचं स्टील 304, म्हणजे सहसा न गंजणाऱ्या चांगल्या प्रतीचं, आहे का हे बघायला लोक खिशात चुंबक घेऊन फिरतात. पण 202 या हलक्या प्रतीलाही चुंबक सहसा चिकटत नाही, तेव्हा बिलावर लिहून घेतलेलं बरं.

सिलिंडरच्या गाळ्याला दार लावायचं असेल तर दाराला तळाशी छिद्रं किंवा जाळी हवीच. गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचतो. नुसती वर जाळी ठेवून काही उपयोग नाही. रेडीमेड कॅबिनेटमध्ये सिलिंडरचा विचारच केलेला नसतो, हेही एक कारण.

आता फळीबद्दल, कारण स्वस्त आणि महाग यातला बराचसा फरक इथेच आहे. सगळ्यात स्वस्त साधा पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा-चुरा दाबून केलेली फळी. त्याच्या वर एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेली फळी), मग एचडीएचएमआर (तशीच, पण जास्त दाट आणि ओल जास्त सोसणारी), आणि बीडब्ल्यूपी म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारा प्लाय. प्लायवर आयएस 710 या भारतीय मानकाचा शिक्का असेल तर तो 72 तास उकळत्या पाण्यात टिकण्याच्या कसोटीचा माल. आयएस 303 मध्ये एमआर म्हणून जो येतो तो दमटपणापुरता, पाण्यापुरता नाही. दुकानदार ‘वॉटरप्रूफच आहे ना ताई’ म्हणतो तेव्हा शिक्का दाखवा म्हणायचं.

लोक म्हणतात नागपूर कोरडं शहर, इथे कसली ओल. पुण्या-मुंबईकडच्यांनी म्हटलं तर समजू शकते, पण आपणही म्हणतो. एप्रिलपासून जूनपर्यंत हॉलच्या खिडकीत कूलर धो धो चालतो, आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट ती सगळी ओली हवा हॉलमधून खेचून ओट्यावरून बाहेर काढतो. 45 डिग्रीच्या मे महिन्यात आमच्या स्वयंपाकघरात मीठ ओलं असतं. मग लगेच पावसाळा. शेजारच्या काकूंच्या सिंकखालच्या पार्टिकल बोर्डची खालची कड दोनच वर्षांत फुगून पापडासारखी झाली. पाणी फळीच्या पाठीतून शिरत नाही, कडेतून शिरतं. म्हणून फोटोतला रंग बघण्याआधी हे विचारा की चारही कडांना पट्टी आहे का, आणि मागच्या कडेलाही आहे का. बऱ्याच स्वस्त मालात समोरची कड छान झाकलेली असते आणि मागची उघडी. मी एचडीएचएमआरचा माल घेतला. भाव पार्टिकल बोर्डच्या जवळजवळ दीडपट पडला, पण भिंतीवरच्या कपाटांना मी तेवढं दिलं.

माल आला तेव्हा डिलिव्हरीवाल्याने खोकी गेटजवळ ठेवली आणि वर न्यायचं आमच्या ऑर्डरमध्ये नाही म्हणाला. उंच कपाटाची एकेक बाजूची फळी 2 मीटर लांब, 560 रुंद, 18 जाड. एचडीएचएमआरची म्हणजे 17 किलोच्या आसपास. नवरा आणि वॉचमनकाका यांनी जिन्याच्या वळणावर काय कसरत केली ती मी वर्णन करत नाही. ऑर्डर देतानाच मजल्यापर्यंत पोचवणार का, ते लेखी घ्या.

जोडणी मात्र मला आवडली. फळ्यांना भोकं आधीच पाडलेली, लाकडी खुंट्या आठ मिलिमीटरच्या, आणि गोल चकतीसारखे कॅम लॉक. खुंटी घालायची, फळी दाबायची, कॅमला स्क्रू ड्रायव्हरने अर्धा फेरा द्यायचा की फळी आवळून येते. हे हातानेच करायचं. ड्रिल मशीनने आवळायला गेलं की फळीच्या आत भुसा होतो आणि मग तो कॅम कधीच पकडत नाही. फिटरभाऊंबरोबर आलेला पोरगा मशीन लावणारच होता, तर भाऊंनी त्याच्या हातातून ती काढून घेतली. “काहून घाई करून राहिला बे?”

मागची पातळ फळी ठोकायच्या आधी भाऊंनी टेप काढला आणि पेटीचे दोन्ही कर्ण मोजले. पहिल्यांदा एक चार मिलिमीटरने मोठा निघाला. लांब कर्णाच्या कोपऱ्यावर तळहाताने एक ठोका दिला, परत मोजलं, दोन्ही सारखे झाले तेव्हाच खिळे. शाळेत भूमितीत आयताचे कर्ण समान असतात हे शिकलो होतो, त्याचा उपयोग मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. हे केलं नाही तर पेटी तिरकी राहते, आणि मग बिजागऱ्या कितीही पिळल्या तरी दोन दारांमधली फट वर बारीक, खाली रुंद दिसते.

उंच कपाटाचं एक गणित कुणी सांगत नाही. आपल्याकडे स्वयंपाकघरात माळा असतो, आमचा सात फुटांवर, म्हणजे 2134 मिलिमीटर. कपाट पायांसकट 2100. बसतं की! पण जमिनीवर आडवं जोडून उभं करताना त्याचा कोपरा फिरतो तो कर्णाच्या मापाने, आणि 2100 बाय 560 चा कर्ण 2173 होतो. माळ्याखाली जोडलं असतं तर ते माळ्याला अडकलं असतं. भाऊंनी ते मोकळ्या जागेत उभं केलं आणि मग पाठीमागे सरकवलं.

भिंतीवरची कपाटं टांगायच्या आधी पाणसळ लावून पूर्ण भिंतीवर एक रेघ मारली, कोपऱ्यातलं कपाट पहिलं आणि तिथून पुढे. कंपनीने पाठवलेल्या प्लास्टिकच्या गिट्ट्या (भिंतीच्या भोकात स्क्रू धरून ठेवतात त्या) भाऊंनी बघून बाजूला ठेवल्या आणि स्वतःच्या लांब गिट्ट्या आणि स्क्रू वापरले. आमची भिंत विटांची, त्यामुळे निभावलं. बेसा किंवा मनीष नगरकडच्या नव्या इमारतींत पांढऱ्या हलक्या ब्लॉकच्या भिंती असतील तर त्यांना वेगळे अँकर लागतात, साधी गिट्टी त्यात फिरत राहते. आणि स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा नळाच्या सरळ वर ड्रिल करू देऊ नका, आत वायर नाहीतर पाइप असतो.

बिजागऱ्या सॉफ्ट क्लोजच्या. दार हळूच बंद होतं, ते बघायला सासूबाई पहिले काही दिवस उगाच उघडझाप करायच्या. कंपनीने दिलेल्या बिजागऱ्या ठीकठाक आहेत, पण बिजागरीच्या वाटीचं भोक 35 मिलिमीटरचं, जवळजवळ सगळीकडे तेच असतं, त्यामुळे पुढे बिघडल्या तर हेटिक किंवा एब्को कंपनीची आणून त्याच जागी बहुतेक लावता येते. स्वस्त मालात हे मला फार मोलाचं वाटतं.

तक्रार एक. एका दाराचा कोपरा फुटलेला आला. फोटो पाठवले, कस्टमर केअरने तीनतीनदा तेच फोटो मागितले, शेवटी दुसरं दार आलं. ते किंचित गडद छटेचं आहे, म्हणून फ्रिजच्या बाजूच्या कपाटाला लावून टाकलं. खोकं उघडताना व्हिडिओ काढलेला होता, तो नसता तर तेही आलं नसतं असं मला वाटतं.

रंगाबद्दल थोडं. पांढरं मॅट फिनिश फोटोत सुरेख दिसतं. आमच्याकडे रविवारी सावजी होतं, तर्री उडते, आणि हळदीचा हात कुठेही लागतो. मी लाकडी रेषांचं तपकिरी लॅमिनेट घेतलं. ओल्या फडक्याने पुसलं की संपलं.

हिशोब असा: भिंतीवरची चार आणि उंच कपाट मिळून 41 हजार, लकडगंजचा प्लाय, दारं, बिजागऱ्या आणि ट्रॉल्या 23 हजार, फिटरभाऊंची मजुरी 9 हजार. एकूण 73. चिमणी यात नाही, ती जुनीच आहे.

गैरसोय म्हणाल तर गव्हाची कोठी. वर्षाचं धान्य भरणाऱ्या घरांसाठी 560 खोलीचं कपाट बनवलेलंच नाही. आमची मोठी कोठी त्यात शिरली नाही, सासूबाईंनी तिला हलवू दिलं नाही, आणि ती बाल्कनीच्या दाराशी आहे तिथेच आहे. तांदळाचे दोन डबे तेवढे कपाटात गेले. मागवण्याआधी तुमच्या सगळ्यात मोठ्या डब्याचा घेर मोजून घ्या.